उपऱ्याला दवाखान्याची वाट कोण दाखवणार?

आमच्या गावच्या शिवारात पूर्वी बाजरी आणि कापूस पिकत असे. आता तेथे खोल्या पिकतात. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यामागून लहानमोठे शेकडो कारखाने आले, आणि ज्या कुणब्याची जमीन त्यात गेली त्याने उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या दहा-वीस खोल्या काढून भाड्याने लावल्या. त्यास मी दोष देत नाही. वावर गेलेल्या माणसाने पोट कशावर भरावे? परंतु या खोल्यांत राहावयास आलेली माणसे कोण, कोठची, आणि ती आजारी पडली म्हणजे काय करतात, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

नांदेड, हिंगोली, परभणी, बुलढाण्याकडची पुष्कळ मंडळी आहेत. त्यांत आपल्यासारखेच कुणबी आहेत, आणि गावचे काम सुटल्यामुळे आलेले सुतार-लोहारही आहेत. बिहार आणि उत्तर प्रदेशातली त्याहून दूरची माणसे आहेत. त्यांची पोरे माझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात. जूनमध्ये नाव घालतात, दिवाळीला गावी जातात, आणि त्यांतली काही पुन्हा दिसत नाहीत. गाव या सर्वांना मिळून एकच नाव देते: 'बाहेरचे'. खोलीचे भाडे घेताना मात्र कोणी बाहेरचा-आतला पाहत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो. तीवरूनच हा लेख लिहावा असे मनात आले.

चौथीतल्या एका पोराच्या पोटरीला कुत्रे चावले. आईने जखमेत तिखट भरले, वर चुना लावला. त्यांच्या गावी हेच करतात, आणि खरे सांगायचे तर आपल्याही गावात परवापरवापर्यंत हेच करीत. मी बापाला बोलावून बजावले, "शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, सुई घ्यावी लागते." तो हात जोडून म्हणाला, "जी मास्टरजी." माझे काम झाले असे समजून मी हजेरी घ्यावयास लागलो. तिसऱ्या दिवशी पोरगे लंगडत आले तेव्हा विचारले, तर सुई घेतलेलीच नाही! बाप एक दिवसाची मजुरी बुडवून, रिक्षाला पैसे मोजून शहरात गेला होता. तेथे चार खिडक्या आणि चारींवर रांगा. कोणी तरी त्यास विचारले, "केसपेपर कुठाय?" त्याने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. त्यास वाटले, हा जातीच्या किंवा रहिवासाच्या दाखल्यासारखा काही कागद असेल आणि तो आपल्या गावाहून आणावा लागत असेल. त्याचे गाव दीड दिवसाच्या रेल्वेवर. तो निमूटपणे परत आला. आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाही, की तीच सुई आमच्या गावापासून चार किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते.

त्या दिवशी शाळा सोबतच्या बाईंवर सोपवून मी बापलेकांना गाडीवर बसवून केंद्रात नेले. तेथल्या सिस्टरने जखम नळाखाली धरून साबणाने चांगली पंधरा मिनिटे धुतली आणि पहिली सुई दिली. पुढच्या सुयांच्या तारखा मी वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवल्या व त्या पुसू नयेत असा हुकूम केला. एका सुईने भागत नाही, तारखेवार सगळ्या घ्याव्या लागतात, ही गोष्ट बापाला तीनदा सांगावी लागली. पोरगे बरे आहे. परंतु मी "जा" म्हटले आणि समजलो की मी शिकवले! ज्याला रस्ता, खिडकी, कागद, भाषा, यांतले काहीच ठाऊक नाही त्यास नुसते "जा" म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास विहिरीच्या काठावरून "हात मार" म्हणण्यासारखे आहे.

अध्यापक विद्यालयात असताना आरोग्याचा पाठ कसा घ्यावा ते आम्हाला शिकवले होते. नखे कापा, दात घासा, उघड्यावरचे खाऊ नका. हे सर्व ठीकच आहे. पण केसपेपर म्हणजे काय, तो कोठे मिळतो, डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी घेऊन पुढे कोणत्या खिडकीत जायचे, रक्त तपासायला दिले तर त्याचा कागद कधी आणायचा, हे कोणत्याच पाठात नव्हते. सरकारने दवाखाने बांधले, पण दवाखाना वापरावा कसा हे शिकवण्याचे कोणाच्याच अंगावर टाकले नाही.

त्यात आणखी आमच्या सरकारी मराठीची करामत पाहा. 'बाह्यरुग्ण विभाग', 'आंतररुग्ण नोंदणी', 'अस्थिव्यंगोपचार', 'शल्यचिकित्सा', 'प्रसूतिपूर्व तपासणी कक्ष'! बिहारी मजुराचे राहू द्या, गंगापूर तालुक्यातल्या सातवी पास झालेल्या कुणब्याला विचारा, यांतल्या कोणत्या दारात पाय मोडलेला मनुष्य न्यायचा? 'हाडांचा डॉक्टर', 'गरोदर बाईची तपासणी', 'येथे नाव लिहा' असे लिहिले असते तर शाई काही जास्त लागली नसती. पंडितांना कळावे म्हणून पाटी लिहिली, आणि जाणारा मात्र शेतकरी-मजूर. ज्यास ती वाचता येते तो बहुधा खाजगी दवाखान्यात जातो. अशा दहा-बारा पाट्यांचा अर्थ मी साध्या मराठीत आणि हिंदीत एका कागदावर लिहून शाळेच्या भिंतीला लावला आहे. त्यापुढे सर्वांत जास्त वेळ उभी राहतात ती आपल्याच गावची माणसे.

आता कोणी म्हणेल, हे लोक अडाणी आहेत, ते खोलीच्या शेजारच्या 'डॉक्टर'कडेच जाणार. हा जो 'डॉक्टर' आहे त्याची पदवी कोणी पाहिलेली नाही. ताप असो, अंगदुखी असो, पोरीला हगवण असो, तो एक सुई मारतो आणि नाही तर सलाईन लावतो. सलाईन म्हणजे मिठाचे नाही तर साखरेचे पाणी. ज्यास तोंडाने पाणी पिता येते त्यास बहुतेक वेळा त्याची गरज नसते. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, त्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे हगवणीच्या पोराला घोटघोट पाजले तर तेच काम घरात होते, किंवा आशाताईकडून त्याची पुडी फुकट मिळते. हे सर्व खरे. पण तो मजूर त्या भोंदूकडे का जातो हे तुम्ही विचारले आहे काय? मी विचारले. एकाने सांगितले, "मास्टरजी, वो रात दस बजे खुला रहता है, और उधार देता है." दोन वाक्यांत सगळे अर्थशास्त्र आले. पहिली पाळी सुटून मजूर खोलीवर येतो तोवर सरकारी केंद्रातली गर्दी सरलेली असते आणि डॉक्टर मीटिंगला गेलेले असतात. सकाळी जावे तर मजुरी बुडते. ठेकेदाराकडे दोन खाडे झाले की तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा. अशा माणसाला मी अडाणी म्हणणार नाही. तो आपला हिशेब बरोबर करतो, फक्त त्याच्या हिशेबात काही रकमा आलेल्याच नसतात, कारण त्या त्यास कोणी सांगितलेल्या नसतात.

त्या रकमांतली पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे कामगार विमा, ज्यास सगळे ईएसआय म्हणतात. हा कायदा १९४८ सालचा. त्याची आखणी झाली ती डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खाते सांभाळीत होते त्या वर्षांत. २०१७ पासून दरमहा एकवीस हजारांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात धरला जाऊ लागला, आणि २०१९ च्या जुलैपासून वर्गणी अशी ठरली की कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया व मालकाकडून सव्वातीन रुपये. बारा हजार पगार असेल तर कामगाराचे नव्वद रुपये कापले जातात आणि मालकाने तीनशे नव्वद भरायचे असतात. ठेकेदाराचा मजूर असला तरी तो यात येतो. यावर त्याला, त्याच्या बायकोला, पोरांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या म्हाताऱ्या आईबापांना औषधपाणी मिळते. कामावर हात चिरडला आणि घरी बसावे लागले तर पगाराच्या शेकडा नव्वद इतकी रक्कम मिळण्याचा हक्क आहे. बाळंतपणात काम करणाऱ्या बाईला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. आजारपणात घरी बसावे लागले तरी शेकडा सत्तर, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. फक्त त्यास काही दिवस वर्गणी भरलेली असावी लागते, म्हणून जो ठेकेदार दर चार महिन्यांनी माणसे बदलतो तो मजुराच्या याच हक्कावर पाणी ओततो.

माझ्या वर्गातल्या पालकांपैकी अकरा जणांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मी एका रविवारी पाहिल्या. सात जणांचे पैसे कापले जात होते. त्या सातांतल्या सहांना ते कशाचे कापतात हे ठाऊक नव्हते. एकाचा समज असा की तो 'कंपनीचा टॅक्स' आहे. महिन्याला वर्गणी भरायची आणि ताप आला की भोंदूला उधारीचे दोनशे द्यायचे! म्हणून खोलीवर नवा आलेल्या प्रत्येकास पहिला प्रश्न हा विचारावा की, "तुझा विमा क्रमांक काय?" तो त्यास ठाऊक नसेल तर ठेकेदारास विचारावयास लावावे, आणि ठेकेदार उडवाउडवी करू लागला तर समजावे की येथे काही पाणी मुरते आहे.

ज्यास विमा नाही, म्हणजे बांधकामावरचा, वीटभट्टीवरचा, हातगाडीवाला, त्यासही वाट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे उपकेंद्रापासून चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार फुकट करण्यात आले. आपली घाटी, १९५६ साली निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हे दुसऱ्या खात्याकडे असल्याने त्या हुकमात आले नाही. साधा ताप-खोकला घेऊन थेट घाटीत धावण्यात अर्थ नाही. तेथे जालना, बीड, परभणी, बुलढाण्याहून जिवावर बेतलेली माणसे येतात, आणि त्या गर्दीत खोकलेवाल्याचा दिवस जातो. आधी जवळचे केंद्र, तेथून चिठ्ठी, मग घाटी, ही पायरी शिकवली तर त्याचाही दिवस वाचेल आणि घाटीचाही.

मोठी शस्त्रक्रिया निघाली तर महात्मा फुल्यांच्या नावाची योजना आहे. ती २०१२ साली आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस सर्व राज्यभर गेली आणि २०१७ पासून जोतीरावांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. परप्रांतातून आलेल्याने गावाकडे आयुष्मान कार्ड काढले असेल तर ते येथेही चालते, ही गोष्ट मला भेटलेल्या एकाही बिहारी माणसास ठाऊक नव्हती. कार्ड गावी पेटीत आणि तो येथे सावकाराच्या दारात! योजनेत असलेल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' म्हणून एक मनुष्य टेबल टाकून बसलेला असतो. दारात शिरल्यावर पैसे भरण्याआधी त्यास गाठावे. मधल्यामध्ये "मी काम करून देतो" म्हणणारा जो भेटतो तो मित्र नव्हे.

क्षयाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आमच्या खोल्यांत तो आहे आणि लपवला जातो. दाटीत राहणारी, एकाच पत्र्याखाली सहा-सात निजणारी माणसे, त्यांस तो लवकर धरतो. औषध फुकट आहे, साधारण सहा महिने न चुकता घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढते, आणि रोगी समजतो की बरा झालो. तेवढ्यात दिवाळी किंवा छठ येते, तो गावी जातो, गोळ्या तुटतात. परत येतो तेव्हा रोग असा माजलेला असतो की साध्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि तोच मग खोलीतल्या दुसऱ्यांना होतो. वास्तविक प्रत्येक क्षयरोग्याची सरकारदरबारी 'निक्षय' नावाने नोंद होते आणि तिचा क्रमांक घेऊन तो देशात कोठेही गेला तरी तेथल्या सरकारी दवाखान्यातून पुढच्या गोळ्या मिळू शकतात. जाण्यापूर्वी फक्त सांगून निघायचे. खुराकासाठी म्हणून २०१८ पासून दरमहा पाचशे रुपये खात्यावर देत असत, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार केले. एवढे असून मनुष्य सांगून का निघत नाही? खोलीमालकाला कळले तर तो बाहेर काढील म्हणून. म्हणजे येथे शिकवायचे कोणास? रोग्यास की खोलीमालकास?

याच ठिकाणी माझी दुसरी चूकही सांगून टाकतो. सहावीतली एक पोरगी फार हुशार, वर्षभरात मराठी फडाफडा बोलू लागली. तिच्या आईला दिवस गेले होते आणि अंगावर सूज होती. उपकेंद्रातल्या सिस्टरला भोजपुरी येईना, आईला मराठी येईना, म्हणून मी पोरीलाच दुभाषी म्हणून पाठवले आणि स्वतःवर खूश झालो. पुढे आमच्या बाईंना कळले ते असे की, आधीची दोन बाळंतपणे कशी झाली, मूल कधी गेले, रक्त किती गेले, हे त्या माउलीने पोरीच्या देखत सांगितलेच नाही. आई आपल्या अकरा वर्षांच्या लेकीपुढे हे कसे बोलणार? आणि पोरीने तरी ते का वाहावे? दुभाषा हवा तो मोठ्या वयाची बाई हवी. आमच्या आळीत सहा वर्षांपूर्वी आलेली गोरखपूरकडची एक मावशी आहे, ती आता आशाताईंबरोबर खोल्याखोल्यांतून फिरते. पोराच्या तोंडून पत्ता सांगवावा, गाडी बोलावण्याचा क्रमांक पाठ करून घ्यावा, इतपत ठीक. आईचे दुखणे पोराच्या तोंडात घालू नये. त्या बाईचे बाळंतपण सरकारी दवाखान्यात पार पडले. शस्त्रक्रिया करावी लागली, पण पैसा पडला नाही. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषध, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी फुकट आहे. त्यासाठी ती कोणत्या प्रांताची हे पाहायचे नसते.

आता आपल्या बाजूचा आक्षेप घेऊ. चावडीवर मला एका वडीलधाऱ्याने विचारले, "गुरुजी, आपल्याच माणसांना दवाखान्यात जागा पुरत नाही, आणि तुम्ही बाहेरच्यांना वाट दाखवता?" प्रश्न रास्त आहे, त्यास उडवून लावता येत नाही. पण पाहा. उपकेंद्र पाच हजार वस्तीमागे एक, प्राथमिक केंद्र तीस हजारांमागे एक, आशाताई हजारामागे एक, असा सरकारचा नियम. वस्ती मोजायची ती २०११ च्या शिरगणतीवरून. त्यानंतर आमच्या शिवारात किती खोल्या उठल्या ते प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. म्हणजे ही माणसे कागदावर नाहीतच. ती कागदावर आली, त्यांच्या गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची पोरे आशाताईच्या वहीत चढली, तरच आपल्याला दुसरे उपकेंद्र मागण्याचे तोंड राहील. त्यांना लपवून आपलीच सोय कमी होते. शिवाय गोवर काही रहिवासाचा दाखला विचारून अंगावर येत नाही. बाहेरच्याच्या पोराला नवव्या महिन्याची सुई चुकली तर ते पोर आपल्या पोराच्या मांडीला मांडी लावून अंगणवाडीत बसते. लसीची सुई कोणत्याही गावच्या पोराला कोणत्याही अंगणवाडीत फुकट मिळते. कार्ड हरवले असले तरी सुई नाकारायची नसते.

आणि 'बाहेरचा' म्हणजे तरी कोण? दसरा उलटला की आपल्या बीड-जालन्याकडून लाखोंनी माणसे कोयता घेऊन सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पार कर्नाटकापर्यंत ऊस तोडायला जातात. तेथल्या गावाला ती बाहेरचीच. मुकादमाची उचल अंगावर, एक खाडा झाला तर दंड, पाळीच्या दिवसांत विसावा नाही, फडात आडोसा नाही. मग पोटात दुखते म्हणून खाजगी डॉक्टरकडे गेलेल्या बाईला तो भीती घालतो आणि पिशवी काढून टाकतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा बघा: बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीवाचून ही शस्त्रक्रिया करू नये असा नियम त्या जिल्ह्यात घातला गेला. त्या फडाजवळच्या गावातल्या एखाद्या मास्तराने, एखाद्या पाटलाच्या बायकोने "बाई, आधी सरकारी दवाखान्यात दाखव, सगळ्याच दुखण्याला पिशवी काढावी लागत नाही" एवढे सांगितले असते तर? ते कोणी सांगितले नाही म्हणून आपण हळहळतो. तेच आपल्या दारच्या उपऱ्याला आपण सांगतो काय?

२०२० साली ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या कारखान्यातली, मध्य प्रदेशातली पोरे. गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे पायी निघाली होती. रुळांवर पडलेल्या भाकरींचे चित्र सर्वांनी पाहिले. टाळेबंदीत त्यांना कोठे विचारावे, कोण आपले, हे ठाऊक नव्हते. येथे राहून काम करणारी माणसे होती ती, पण येथल्या कोणाचा पत्ता त्यांच्यापाशी नव्हता.

दवाखान्याची भीती ही काही आजची नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा घाटावरून आणि कोकणातून गेलेले आपले गिरणी कामगार दवाखान्यास इतके भ्याले की त्या ऑक्टोबरात आर्थर रोडच्या दवाखान्यावर त्यांचा जमाव चालून गेला. तेथे नेलेला मनुष्य परत येत नाही, असा त्यांचा समज. त्या दिवसांत नारायण मेघाजी लोखंडे गिरणीवस्त्यांत रोग्यांसाठी राबले आणि १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगानेच गेले. महिनाभराने, १० मार्चला, पुण्याकडे सावित्रीबाई गेल्या. त्यांचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना थाटला होता, आणि प्लेग झालेल्या पोरास पाठीवर घेऊन बाई तेथे घेऊन गेल्या असे सांगतात. मला ही गोष्ट शाळेत दरवर्षी जयंतीला सांगावी लागते. कुत्रे चावलेल्या पोराच्या बापाला मी नुसते "जा" म्हटले होते, हे त्या भाषणाच्या मध्येच मला आठवते आणि जीभ अडखळते.

आता करण्याजोगे काय ते. खोल्या ज्यांच्या आहेत त्या शेतकरी बंधूंनी प्रत्येक खोलीच्या दारामागे मोठ्या अक्षरांत गट क्रमांक, मालकाचे नाव, जवळच्या कंपनीचे गेट किंवा देऊळ, आणि खाली १०८ व १०२ हे आकडे लिहावेत. १०८ ची गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून फुकट धावते, पण रात्री दोन वाजता फोन करणाऱ्या बिहारी बाईला "कुठे येऊ?" म्हणून विचारले तर ती काय सांगणार? तिला 'खोली' शब्दापलीकडे आपला पत्ता ठाऊक नसतो. डब्यातला उरलेला रंग आणि अर्धा तास, याहून जास्त खर्च नाही. पाण्याच्या ड्रमांना झाकणे द्यावीत. पाणी रोज येत नाही म्हणून ते भरून ठेवावे लागते हे मान्य, पण उघड्या ड्रमात डेंग्यूचा डास होतो आणि तो मालकालाही चावतो.

ग्रामपंचायतीत आरोग्य, पोषण व स्वच्छता यांची एक समिती कागदावर असते. तिला वर्षाला दहा हजार रुपये देण्याची तरतूद आहे. आमच्या पंचांना विचारा, तिची बैठक मागे कधी झाली? त्या पैशांतून हिंदी-मराठी पाट्या होतील, दुभाषी मावशीला चहापाणी आणि रिक्षाभाडे देता येईल. आणि एक मागणी सर्वांनी मिळून करावी की, आठवड्यातून एक दिवस तरी उपकेंद्र रात्री नऊपर्यंत उघडे असावे. २०२३ साली 'आपला दवाखाना' म्हणून जे निघाले त्यांची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा अशीच ठरवली होती. म्हणजे सरकारलाही मजुराचे घड्याळ कळत नाही असे नाही. तेच घड्याळ कारखान्यांच्या भोवतालच्या खेड्यांत आणावे.

आमच्या शाळेत दर गुरुवारी रात्री आठ वाजता आम्ही बसतो. आशाताई, ती गोरखपूरची मावशी, शाळेतल्या बाई आणि मी. भाषण नसते. येणाऱ्याने आपले कागद आणायचे: पगाराची चिठ्ठी, पोराचे लसीचे कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, आयुष्मान कार्ड, जे असेल ते. आम्ही वाचून दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी कोणाबरोबर कोण जाणार ते ठरवतो. मागच्या गुरुवारी चौदा जण आले होते, त्यांत पाच आपल्याच गावचे. आजूबाजूच्या गावांतल्या ज्या शिक्षक बंधूंना किंवा खोलीमालकांना ते पाहावयाचे असेल त्यांनी जरूर यावे. ओडियाचे जाणकार कोणी असेल तर आधी कळवावे, कारण भट्टीवर नवी आलेली तीन कुटुंबे तिकडची आहेत आणि आमच्यापैकी कोणालाच त्यांची भाषा येत नाही.

एक गावशिक्षक, ता. गंगापूर